कारकुनाची चूक आणि यंत्राची चूक

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यात, बालाघाटाच्या रांगांच्या आश्रयाने वसलेल्या राणीसावरगावचे नाव लिहिण्याची वळणे एकाहून अधिक आहेत. कोणी ते सलग लिहितो, कोणी 'राणी' आणि 'सावरगाव' यांच्यामध्ये जागा सोडतो, कोणी जुन्या शिरस्त्याप्रमाणे 'गाव'वर अनुस्वार देतो, आणि ज्याला घाई असते तो, महाराष्ट्रात सावरगावे काही एकदोन नाहीत हे विसरून, नुसते 'सावरगाव' लिहून मोकळा होतो. टपालवाल्याचे यामुळे अडत नाही, आडत्याचे अडत नाही आणि तलाठ्याचे तर मुळीच अडत नाही, कारण ही माणसे अक्षरांवरून नजर फिरवून अर्थ उचलतात. संगणक मात्र अक्षरेच वाचतो, किंबहुना अक्षरांच्या मागे उभे असलेले क्रमांक वाचतो, आणि मधली रिकामी जागा हेही त्याच्या लेखी एक अक्षरच असल्यामुळे, मुद्दाम सांगून ठेवले नसेल तर, एका गावाची त्याच्या दप्तरी दोन गावे होतात. याहून सूक्ष्म प्रकार असा की 'कऱ्हाड' किंवा 'गोऱ्हे' यांतला अर्धा र युनिकोडच्या संकेतात एकाहून अधिक रीतींनी साठवता येतो. पडद्यावर आणि कागदावर ही रूपे हुबेहूब सारखी दिसतात, पण तुलना करणारी आज्ञावली पुरेशी सावध नसली तर ती त्यांना निराळी नावे समजते, आणि मग बँकेच्या यादीतला खातेदार व सातबाऱ्यावरचा खातेदार हे एकच इसम आहेत हे सिद्ध करण्याचा भार त्या बिचाऱ्या खातेदाराच्याच डोक्यावर येतो.

अशा वेळी चूक कोणाची म्हणावयाची? टंकताना जागा सोडणाऱ्या कारकुनाची, की अक्षराला अक्षर लावून पाहणारी आज्ञावली लिहिणाऱ्या अभियंत्याची, की गावाला शासनाने दिलेला क्रमांक उपलब्ध असताना मेळ नावावर न घालता त्या क्रमांकावर घालावा असा हुकूम वेळीच न काढणाऱ्या अधिकाऱ्याची? खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाला या प्रश्नाची दोनच उत्तरे ऐकायला मिळतात: एक तर 'तुम्ही चुकीचे भरले', नाहीतर 'सिस्टीम घेत नाही'. पहिल्या उत्तरात सगळा दोष माणसाचा आणि दुसऱ्यात सगळा दोष यंत्राचा. आणि या दोहोंच्या मध्ये जो प्रदेश आहे, जिथे खरी चूक बहुधा वस्तीला असते, तिकडे कोणी फिरकत नाही.

यंत्राला स्वतःची अशी चूक नसते. विजेचा दोष किंवा सुटा भाग निकामी होणे हे अपवाद वगळले, तर ज्याला आपण बग म्हणतो ती कोणा माणसाने पूर्वी कधीतरी, दुसऱ्याच ठिकाणी बसून, पुष्कळदा चांगल्या हेतूने केलेली चूक असते. फरक इतकाच की ती लिहून ठेवली गेल्यामुळे आता विनाथकवा आणि बिनबोभाट पुनःपुन्हा घडत राहते. कारकुनाची चूक एका पानावर होते आणि शेजारचे पान बरोबर असते, त्यामुळे दोन पानांची रुजवात घालणाऱ्या डोळ्याला ती खटकते. आज्ञावलीतली चूक सगळ्याच पानांवर सारखी असते आणि जे सगळीकडे सारखे असते ते शिरस्त्यासारखे दिसू लागते. म्हणून कारकुनाच्या चुका संख्येने पुष्कळ असूनही दिसतात, आणि यंत्रात उतरलेल्या चुका मोजक्या असूनही वर्षानुवर्षे लपून राहतात.

हाताच्या चुकांचा तर शास्त्रशुद्ध अभ्यास झालेला आहे. याकोबुस वर्हूफ या डच गणितज्ञाने 1969 साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात, माणसे अंक उतरवून घेताना कशा चुकतात याची छाननी केली, तेव्हा असे आढळले की सुमारे 79 टक्के चुकांत एकच अंक बदललेला असतो आणि सुमारे 10 टक्के चुकांत शेजारचे दोन अंक आपापसांत जागा बदलतात. चूक अशी नियमाने वागते हे एकदा कळल्यावर तिला पकडण्याची युक्तीही नियमाने काढता येते: मूळ अंकांवरून एक जादा अंक ठराविक रीतीने काढावयाचा, तो शेवटी जोडावयाचा, आणि पुढे कोणी तो क्रमांक लिहिला की हिशेब पुन्हा करून शेवटचा अंक जुळतो की नाही हे पाहावयाचे. वर्हूफच्या रीतीत एका अंकाची कोणतीही चूक आणि शेजारच्या दोन अंकांची कोणतीही अदलाबदल सुटत नाही. आपल्या खिशातल्या आधार कार्डावरचा बारावा अंक हा याच रीतीने काढलेला पहारेकरी आहे. परंतु या पहारेकऱ्याची हद्द ओळखून असावे. क्रमांक बरोबर आहे, पण तो धाकट्या भावाचा असून थोरल्याच्या खात्यावर चढला आहे, अशी चूक त्याला दिसत नाही, कारण गणिताच्या दृष्टीने तिथे काही चुकलेलेच नसते.

महसूल खात्याला हाताची ही कमजोरी गणितज्ञांच्या आधीपासून ठाऊक होती. राणीसावरगावचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. मराठवाड्याच्या जुन्या दप्तरांत उर्दू आणि मोडी हे दोन्ही हात दिसतात, सालांची गणना फसली सनात असते, आणि 1954-55 च्या खासरा पत्रकाचा दाखला आजही जमिनीच्या तंट्यांत दिला जातो. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 आला, तेव्हा त्याच्या कर्त्यांनी नोंदी करणारा माणूस चुकणारच हे गृहीत धरून चालीरीत बसवली. खरेदीखत झाले किंवा खातेदार मयत झाला की त्याची वर्दी द्यावयाची. तिची नोंद प्रथम गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत, करावयाची. हितसंबंधी माणसांना नोटीस द्यावयाची. हरकतीसाठी मुदत ठेवावयाची. मग तलाठ्याहून वेगळ्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने, म्हणजे साधारणतः मंडळ अधिकाऱ्याने, ती प्रमाणित करावयाची. आणि तेव्हाच सातबाऱ्याला हात लावावयाचा. हात लावावयाचा तोही पुसून नव्हे. जुन्या खातेदाराच्या नावाला कंस करावयाचा, शेजारी फेरफाराचा क्रमांक घालावयाचा आणि खाली नवे नाव लिहावयाचे, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी विचारले तरी कंसातले नाव वाचता येते आणि ते कोणत्या आधाराने मागे पडले हेही सांगता येते. एवढे करूनही चूक राहिलीच, तर तिच्यासाठी कलम 155 आहेच: लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा अधिकार. तपासणीत एखादी चूक अधिकाऱ्याला स्वतःलाच दिसली तरी संबंधितांना नोटीस देऊन आणि हरकती निकालात काढूनच ती दुरुस्त करावी, असा तिथे दंडक आहे, कारण दुरुस्तीच्या नावाखाली नवी चूक शिरण्याचा संभव कायदा करणाऱ्यांनी नजरेआड केलेला नाही.

याच कायद्याचे कलम 157 मात्र दुधारी आहे. अधिकार अभिलेखातली नोंद, तिच्या उलट सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीरपणे दुसरी येईपर्यंत, खरी मानावी असे ते सांगते. असे गृहीतक नसेल तर कोणताच व्यवहार चालणार नाही हे खरे. पण ते ज्या काळी लिहिले गेले त्या काळी नोंदीमागे नोटीस, हरकत आणि दुसऱ्या अधिकाऱ्याची सही अशी तीन जोखडे होती. तीच नोंद हजारो गावांतून एकदम यंत्रात उतरवली जाते तेव्हा गृहीतक जसेच्या तसे राहते आणि जोखडे मात्र मागे राहू शकतात.

महाराष्ट्रात ती सर्वस्वी मागे राहिली नाहीत, हे सांगितले पाहिजे. हस्तलिखित सातबारे टंकून घेतल्यानंतर मूळ कागद आणि पडद्यावरची नोंद यांत तफावती निघाल्या, तेव्हा दोन्ही तंतोतंत जुळवण्याचे काम तलाठ्यांकडे आले, आणि 2017 च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन झाले: संगणकातला सातबारा गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचावयाचा आणि ज्याचे त्याने ऐकून चूक सांगावयाची. सॉफ्टवेअरच्या तपासणीच्या ज्या अनेक रीती पुस्तकांत दिलेल्या असतात त्यांत चावडी बसत नाही. परंतु नोंद ज्याच्याविषयी आहे त्याच्याच कानावर ती घालणे याहून कडक परीक्षा मला तरी ठाऊक नाही. त्यानंतर 1 मे 2018 रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांच्या हाती देण्यास आरंभ झाला.

या कामात कसल्या अडचणी येतात हे जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, एक हेक्टर जमिनीचा खातेदार मयत झाला आणि तीन वारस समान हिश्श्याने लागले. प्रत्येकाला 33 आर 33 चौरस मीटर दिले की बेरीज 99 आर 99 चौरस मीटर होते आणि एक चौरस मीटर हवेत राहतो. जुना तलाठी हा एक मीटर थोरल्याच्या नावे घालून वही मिटत असे, आणि धाकट्यांची त्यावर हरकत नसे. यंत्राला थोरला कोण हे कोणी सांगितलेले नसते. त्याला इतकेच ठाऊक असते की सातबाऱ्याचे एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळली पाहिजे, आणि ती जुळत नाही म्हणून तो सर्व्हे नंबर ताळमेळ नसलेल्यांच्या अहवालात जाऊन बसतो. इथे यंत्र बरोबर आहे, तलाठीही बरोबर आहे, आणि तरीही कोणाचा तरी फेरफार अडलेला आहे. कारण उरलेल्या मीटरचे काय करावयाचे हा नियम, जो तलाठ्याच्या हाताला ठाऊक होता, तो कागदावर कोणी मांडलाच नव्हता.

दुसरे उदाहरण जुन्या मापाचे. दोन एकर पंचवीस गुंठे हे क्षेत्र आपल्याकडे सर्रास '2.25' असे लिहितात. चाळीस गुंठ्यांचा एकर असल्यामुळे अशा दोन तुकड्यांची बेरीज पाच एकर दहा गुंठे होते, हे शाळेचे तोंड न पाहिलेला माणूसही बोटांवर सांगेल. पण ज्या अभियंत्याचा गुंठ्यांशी कधी संबंध आलेला नाही त्याने तो रकाना दशांश अपूर्णांकाचा ठेवला, तर यंत्र चार पूर्णांक पन्नास असे उत्तर देईल. आणि 'चार एकर पन्नास गुंठे' असे क्षेत्र असूच शकत नाही ही शंका त्याला येणार नाही. हेक्टर-आरच्या मापात ही विपत्ती टळते, कारण तिथे शंभरांची चढण आहे आणि टिंब दोन्ही अर्थांनी चालते. विपत्ती टळली ती योगायोगाने, कोणाच्या दक्षतेने नव्हे, असे ज्या ठिकाणी म्हणता येते ते ठिकाण अभियंत्याने खूण करून ठेवावे. मापांच्या अशाच घोटाळ्यात अमेरिकेचे मंगळाभोवती फिरायला निघालेले यान 23 सप्टेंबर 1999 रोजी नष्ट झाले: एका बाजूची आज्ञावली आवेग पौंडांच्या मापात देत होती आणि दुसरी बाजू तो न्यूटनच्या मापात घेत होती. लोकांना एवढेच आठवते. चौकशी समितीचा भर मात्र दुसऱ्या गोष्टीवर होता. यान अपेक्षित मार्गावर नाही अशी कुणकुण प्रवासातच काही जणांना लागली होती, पण ती रीतसर तक्रार म्हणून नोंदली गेली नाही आणि तिचा पाठपुरावाही झाला नाही. म्हणजे आज्ञावलीत चूक होती, आणि ती चूक बोलून दाखवण्याची वाट बुजलेली होती. यांतल्या कोणत्या भागाला मानवी आणि कोणत्या भागाला यांत्रिक म्हणावयाचे?

हा प्रश्न मी उगाच ताणतो आहे असे ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी दोन हकीकती सांगतो. अपोलो यानांची आज्ञावली ज्यांच्या देखरेखीखाली लिहिली गेली त्या मार्गारेट हॅमिल्टन आपल्या लहान मुलीला कधीकधी कामाच्या जागी आणीत असत. एकदा त्या मुलीने यानाच्या नकली यंत्रावर खेळता खेळता उड्डाणापूर्वीचा कार्यक्रम उड्डाण चालू असताना दाबला आणि सगळे कोसळले. अंतराळवीराच्या हातूनही असेच होऊ शकेल, तेव्हा आज्ञावलीतच अडसर घालू या, असे हॅमिल्टनबाईंनी सुचवले. वरिष्ठांचे म्हणणे पडले की अंतराळवीर शिकवून तयार केलेले असतात, ते असे चुकत नाहीत. सबब अडसराऐवजी कागदपत्रांत एक सूचना घातली गेली. डिसेंबर 1968 मध्ये अपोलो 8 चंद्राकडून परतत असताना जिम लॉव्हेल यांच्या हातून नेमका तोच कार्यक्रम दाबला गेला, यानाच्या स्मृतीतली दिशेची माहिती पुसली गेली आणि ती नव्याने बसवावी लागली. माणूस वाचला, यान वाचले, आणि पुढे अडसरही घातला गेला. वरिष्ठांची खरी चूक अंतराळवीरांवर विश्वास ठेवण्यात नव्हती. न चुकणे हा शिक्षणाचा गुण आहे असे मानण्यात होती.

दुसरी हकीकत इतक्या सुखाने संपत नाही. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या थेरॅक-25 नावाच्या यंत्राने 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडा या देशांत सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली आणि त्यांतले काही दगावले. टेक्ससमधल्या टायलर गावी घडलेल्या प्रकाराचा छडा लागला तो असा: यंत्र चालवणारी बाई अनुभवी आणि म्हणून जलद होती, इलेक्ट्रॉन किरणांऐवजी क्ष-किरणांचे अक्षर तिच्या हातून पडले, ते तिच्या लगेच ध्यानात आले, आणि तिने वर जाऊन ते दुरुस्त केले. पण यंत्रातली चुंबके जागेवर येण्यास सुमारे आठ सेकंद लागत, आणि तेवढ्या अवधीत केलेली दुरुस्ती पडद्यावर उमटली तरी आज्ञावलीच्या दुसऱ्या भागाला कळत नसे. पडद्यावर 'बिघाड 54' एवढाच मजकूर उमटला आणि त्याचा अर्थ पुस्तिकेतही धड दिलेला नव्हता. असले संदेश रोजच येत असल्यामुळे एक कळ दाबून पुढे जाण्याची वहिवाट पडलेली होती. सगळ्यांत बोधप्रद भाग पुढेच आहे: याच जातीची चूक आधीच्या थेरॅक-20 यंत्राच्या आज्ञावलीतही होती, पण त्या यंत्रात लोखंडी अडसर होते, आणि चूक झाली की फ्यूज उडून काम थांबत असे. चूक होती, पण तिला दात नव्हते. नव्या यंत्रातून अडसर काढले ते आज्ञावली इतकी वर्षे बिनचूक चालत आली आहे या भरवशावर, आणि तो भरवसा वस्तुतः अडसरांनी मिळवून दिलेला होता.

आता कलम 157 ची आठवण ठेवून ब्रिटनकडे पाहावे. तिथल्या टपाल खात्याने 1999 पासून होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली गावोगावच्या कार्यालयांत बसवली. कार्यालये चालवणाऱ्या टपालधारकांच्या हिशेबांत तुटी दिसू लागल्या. प्रणाली चुकू शकते हे म्हणणे फेटाळून त्यांच्यावर अफरातफरीचे खटले भरले गेले, आणि 2015 पर्यंत नऊशेंहून अधिक माणसे दोषी ठरली. यंत्र उलट सिद्ध होईपर्यंत नीट चालते असे मानावे, हे गृहीतक तिथल्या पुराव्याच्या कायद्यात होते. आणि उलट सिद्ध करण्यास लागणारी कागदपत्रे मात्र ज्याच्याविरुद्ध ती वापरावयाची त्याच्याच कपाटात होती. 2019 च्या अखेरीस न्यायालयाने प्रणालीतल्या दोषांवर शिक्कामोर्तब केले आणि 2024 मध्ये दोषसिद्धी रद्द करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. 'तुम्ही चुकीचे भरले' हे उत्तर न्यायासनावरून दिले गेले म्हणजे काय होते, त्याचे हे उदाहरण आहे.

आपल्याकडे यंत्रावर भिस्त ठेवण्याचा असा प्रसंग आला तो कर्जमाफीच्या निमित्ताने, आणि त्यात एकदा ठेच लागल्यावर दुसऱ्या वेळी काय सुधारले हे पाहणे अधिक उपयोगाचे. 24 जून 2017 रोजी छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. शेतकऱ्यांनी केंद्रांवर जाऊन अर्ज भरावयाचे, बँकांनी प्रत्येक कर्जखात्याची माहिती भल्यामोठ्या तक्त्यात भरून द्यावयाची, आणि यंत्राने दोन्हींचा मेळ घालून याद्या काढावयाच्या, अशी रचना होती; 18 ऑक्टोबर 2017 रोजी समारंभपूर्वक प्रमाणपत्रेही वाटली गेली. पुढे याद्यांत गफलती निघाल्या. एकच आधार क्रमांक अनेक खात्यांपुढे लागलेला दिसला, आणि मेळ थांबवून पुन्हा तपासावा लागला. असे क्रमांक येतात कोठून, याची कल्पना ज्याने एखादा सक्तीचा रकाना भरला आहे त्याला सहज करता येईल. रकाना रिकामा ठेवला तर यंत्र पुढे जाऊ देत नाही, शेतकऱ्याचा क्रमांक तर हाताशी नाही, आणि संध्याकाळपर्यंत यादी वर गेलीच पाहिजे. अशा वेळी कारकून कोणता तरी खरा क्रमांक घालतो आणि पुढची ओळ घेतो. वर्हूफचा बारावा अंक इथे निरुपयोगी, कारण क्रमांक अस्सलच असतो. कारकून खोटे बोलला असे म्हणावे, तर 'माहिती उपलब्ध नाही' हे खरे सांगण्याची सोयच ज्याने ठेवली नाही त्याला काय म्हणावे?

27 डिसेंबर 2019 च्या शासन निर्णयाने महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली तेव्हा क्रम उलटा केला गेला. शेतकऱ्याने अर्ज भरावयाचा नाही. माहिती बँकेकडून यावयाची. मात्र त्याआधी खाते आधारशी जोडलेले असले पाहिजे. 24 फेब्रुवारी 2020 रोजी पहिली यादी लागली ती सगळ्या राज्याची नव्हे, तर 34 जिल्ह्यांतल्या प्रत्येकी दोन, अशा 68 गावांची, आणि तीत 15,358 खाती होती. आजचे अभियंते जिला प्रायोगिक प्रसार म्हणतील ती ही रीत: आज्ञावलीत चूक असलीच तर ती लाखांना भिडण्याआधी हजारांत सापडावी. यादीतल्या शेतकऱ्याने सेवा केंद्रात जाऊन बोट टेकवावयाचे, पडद्यावर आपल्या नावावरची रक्कम पाहावयाची, आणि ती मान्य आहे की नाही हे सांगावयाचे. मान्य नसेल तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जावयाचे. यात 'मान्य नाही' या एका कळीचे महत्त्व मला सगळ्या संगणकांहून मोठे वाटते. पहिल्या योजनेत शेतकरी हा माहिती पुरवणारा, आणि म्हणून चुकांचा संशयित होता. दुसरीत तो माहितीचा साक्षीदार झाला. रक्कम बरोबर आहे का हे पुण्यात बसून सिद्ध करता येत नाही, परंतु ज्याने कर्ज काढले आहे त्याला ते पडद्याकडे पाहताक्षणी सांगता येते. ही योजना निर्दोष होती असे मी म्हणत नाही. बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्यांचे हाल अशा केंद्रांवर कोणी पाहिले नाहीत? पण तिच्या रचनेत चुकीसाठी आगाऊ जागा राखलेली होती.

तीच दृष्टी ई-पीक पाहणीत दिसते. 15 ऑगस्ट 2021 पासून आपल्या पिकाची नोंद मोबाईलवरून शेतकऱ्याने स्वतः करावी अशी सोय राज्यभर झाली. राणीसावरगावच्या शिवारात कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या ओळींतून चालत जाऊन बांधावरून छायाचित्र घ्यावयाचे आणि पिकाचे नाव निवडावयाचे. दुसऱ्या वर्षी, 1 ऑगस्ट 2022 पासून, सुधारलेली आवृत्ती आली. तीत शेतकऱ्याला आपली नोंद 48 तासांत एकदा स्वतः दुरुस्त करता येऊ लागली, आणि तलाठ्याने सरसकट सगळ्या नोंदी न पाहता दहा टक्के नोंदी पडताळाव्यात असे ठरले. अठ्ठेचाळीस तासांचा हा अवकाश लहान वाटेल. पण घाईत तुरीऐवजी मूग निवडला गेलेल्या माणसाला अर्ज, पंचनामा आणि तहसीलची खेप यांतून तो सोडवतो, आणि शासनालाही फुकट मिळणारी एक तपासणी मिळवून देतो.

चाचण्या घेऊन आज्ञावली निर्दोष करता येईल, ही आशा डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी अर्ध्या शतकापूर्वीच मोडीत काढली. चाचणीने चूक आहे हे दाखवता येते, नाही हे कधीच दाखवता येत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. म्हणून काही लोक गणिती सिद्धतेच्या वाटेने गेले. पवईच्या आयआयटीत सॉफ्टवेअरच्या औपचारिक पडताळणीचे केंद्र आहे, आणि पुण्यात टाटांची जी संशोधनसंस्था 1981 साली निघाली तिथे आज्ञावली न चालवता नुसती वाचूनच दोष हुडकणारी साधने तयार झाली. वाहनांचे ब्रेक किंवा विमानाचे सुकाणू यांच्यासाठी ही वाट अपरिहार्य आहे. परंतु सिद्धता होते ती मांडलेल्या अटींची. टिंबापुढचे अंक गुंठे आहेत हे अटींत लिहिलेच नसेल, तर दोन पूर्णांक पंचवीसची दुप्पट चार पूर्णांक पन्नास होते हेच कमालीच्या काटेकोरपणे सिद्ध होईल.

फेरफाराच्या वहीची एक गोष्ट मात्र आज्ञावली लिहिणाऱ्यांनी, ती वही न पाहताच, जशीच्या तशी उचलली आहे. लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी 2005 साली केलेली गिट नावाची नोंदप्रणाली आज जगभर वापरली जाते. तीत जुनी ओळ पुसली जात नाही, कोणी, केव्हा आणि कशासाठी बदल केला हे प्रत्येक बदलापुढे राहते, आणि शिस्तीच्या ठिकाणी बदल करणाऱ्याहून वेगळ्या माणसाने तो मंजूर केल्याशिवाय अमलात येत नाही. मंडळ अधिकाऱ्याला यात नवे काहीच वाटणार नाही. त्याला नवल वाटेल ते याचे, की जमिनीच्या मालकीतला एका आराचा बदल नोटिशीवाचून होत नसताना, लाखो सातबारे एकदम हाताळणाऱ्या आज्ञावलीतला बदल मात्र एखाद्या रात्री होऊन जातो आणि सकाळी पडदा उघडल्यावरच तो कळतो.

संगणकीकृत सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त होते ती आजही बहुधा त्याच जुन्या कलम 155 च्या आदेशाने. टंकताना हात घसरला असो, मापांची गल्लत झाली असो की एका सर्व्हे नंबराचे खाते दुसऱ्याला चिकटले असो, अर्ज शेतकऱ्यानेच करावयाचा, हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल त्यानेच जोडावयाची, आणि तहसीलदारांनी दुरुस्तीचा आदेश द्यावयाचा. माझ्या मते या आदेशात चूक कशी घडली याचा एक सक्तीचा रकाना असावा: टंकणाऱ्याची, मूळ कागदाची, रूपांतराची, की आज्ञावलीची, आणि 'कळत नाही' हाही पर्याय त्यात ठेवावा, नाहीतर तिथेही कारकून काहीतरी भरून पुढची ओळ घेईल. अमेरिकेत वैमानिकांनी आपापल्या चुका निर्धास्तपणे कळवाव्यात यासाठी नासाच्या देखरेखीखाली 1976 पासून अशीच एक नोंदवही चालते, आणि तिच्यातून एकेका वैमानिकाची वाटणारी चूक पुष्कळदा अनेकांच्या हातून, एकाच रीतीने, एकाच जातीच्या पडद्यासमोर झालेली निघते. गंगाखेडच्या तहसिलीत महिन्याकाठी निघणारे आदेश एकेकटे पाहिले तर तुरळक प्रमाद वाटतील. तोच रकाना राज्यातल्या सगळ्या तहसिलींतून पुण्याला जमाबंदी आयुक्तांच्या कार्यालयात एकत्र आला, तर राणीसावरगावच्या एका शेतकऱ्याचा अडलेला फेरफार आणि चंद्रपूरच्या दुसऱ्याचा अडलेला फेरफार आज्ञावलीतल्या एकाच ओळीमुळे अडले आहेत, हे ती ओळ लिहिणाऱ्या अभियंत्याला आपल्या टेबलावर बसल्या बसल्या दिसेल.